सगळ्यांची पानं उठल्यावर

नागपुरात जेवायला जागा मिळत नाही, असं कोणी म्हटलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. मीही काढलं असतं. पण ऐंशीच्या आसपास एक अख्खा उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि वर हिवाळ्याची सुरुवात, दर रविवारी मी सायकलवर हे शहर पालथं घातलं, आणि मला पाहिजे तशी खाणावळ काही सापडेना. चवीसाठी नव्हतो हिंडत. मला लायनीची खाणावळ पाहिजे होती, जुन्या तऱ्हेची. तीही माझ्यासाठी नाही, माझ्या वडिलांसाठी. आणि वडिलांना तिथं आधी जेवायचं नव्हतं, लोकांना जेवताना पाहायचं होतं. ऑफिसात हे सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा कारकून खो खो हसला. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं होतं मला. पण त्याचा तरी काय दोष? ऐकायला हे हसण्यासारखंच आहे.

लायनीची खाणावळ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण ती पाहिलेली माणसं आता थोडी राहिली. बर्डीवर, मेन रोडच्या मागच्या गल्लीत एक लांबलचक हॉल होता. दारातच धुतलेल्या थाळ्यांचा ढीग, पाणी निथळत असलेला. आपली थाळी आपण उचलायची आणि लायनीत लागायचं. वेटर नाही, 'काय काय आहे' विचारणं नाही. जे आहे ते आहे. लाकडी काउंटरच्या पलीकडे चार माणसं उभी. पहिला पोळ्या देणार, दुसरा भाजी, तिसरा वरण-भात, चौथा कांदा, लोणचं आणि मिरचीचा ठेचा. मग थाळी सांभाळत जाऊन बाकावर बसायचं. अजून पाहिजे तर थाळी घेऊन पुन्हा लायनीत. कितीदाही. कोर्टातले टायपिस्ट, सरकारी कचेऱ्यांतले बाबू, भंडारा-चांद्याहून शिकायला आलेली पोरं, दवाखान्यात कोणाला तरी भरती करून आलेले गावाकडचे लोक, सगळे एकाच लायनीत. रविवारी गोळाभात असे, बेसनाचे गोळे घालून शिजवलेला भात. त्या दिवशी लायन गल्लीच्या तोंडापर्यंत जायची.

वरण-भातावर माझे वडील. सव्वीस वर्षं त्याच जागी, त्याच दोन पातेल्यांच्या मागं. ते थाळीकडे बघत नसत, माणसाच्या तोंडाकडे बघत. एकदा तोंड पाहायचं आणि त्या मानानं भातवाढी भरायची. कोणाला न मागता दोनदा, कोणाला एकदाच. चुकत नसत. कॉलेजात असताना मी एकदा मित्रांना घेऊन मोठ्या ऐटीत तिथं गेलो. बाप काउंटरवर म्हणजे आज आपली चैन, असं सांगून ठेवलं होतं मी. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणाही गिऱ्हाइकाकडे पाहतात, आणि माझ्या थाळीत एकच भातवाढी टाकली. मित्रांच्या थाळीत दोन-दोन! माझं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी घरी मी फणफणलो, ''मले एकच काहून दिली? सख्खा पोरगा ना मी?'' ते पाय धूत म्हणाले, ''तू घरून खाऊन आला होता. तोंडावर दिसत होतं.'' खरं होतं. आईनं दोन पोळ्या खाऊ घालून पाठवलं होतं मला.

त्या हॉलचा एक नियम होता: वाढपी शेवटी जेवणार. गावच्या पंगतीत असतो तोच नियम, मालकानं शहरात आणला होता. दुपारी तीनच्या सुमारास शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन गेलं, बाक पुसून झाले, शटर अर्धं खाली आलं, की मग हे चौघं खाली मांडी घालून बसायचे. उरलं असेल ते खायचे. नसेल उरलं तर पोळी आणि ठेचा. बाकीच्या तिघांसाठी तो नियम होता. माझ्या वडिलांचा मात्र तो धर्म होऊन बसला. घरी सणावारालाही ते सगळ्यांची पानं उठल्याशिवाय घास घेत नसत. आई म्हणायची, ''तुमचा मालक घरी बी येऊन राहिला काय बघायले?'' ते नुसते हसायचे.

पुढं मालक वारला आणि त्याच्या मुलांनी हॉल मोडून कपड्यांचे गाळे काढले. तोवर आई जाऊन दोन वर्षं झाली होती. शेवटच्या दिवशी वडिलांनी शेवटपर्यंत वाढलं, मग जेवले, थाळी विसळून ढिगावर ठेवली आणि घरी आले. तेव्हा आम्ही नंदनवनात नुकतेच राहायला गेलो होतो. मी, बायको, दोन पोरं आणि ते. पंधरा-वीस दिवस ते रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून दारात उभे राहत आणि मग आठवल्यासारखं करून टोपी काढत. मला ते बघवत नसे. मी ऑफिसला लवकर निघू लागलो.

त्यानंतर आमच्या घरात जो तमाशा सुरू झाला तो सांगतो. मी साडेनऊला जेवून जायचो. पोरं डबा घेऊन शाळेत. घरात उरायचे सासरा आणि सून. बायको म्हणायची, ''मामाजी, बसा, वाढते.'' ते म्हणायचे, ''तू जेव वं आधी. तुयं झालं का मी बसतोच.''

''तुमच्या आधी मी कशी जेवू? माझ्या मायला नावं ठेवतील लोकं.''

''अन् मी तुयाआधी कसा जेवू? वाढप्याचं पान शेवटी.''

झालं. ती कुहीकडची, पाटलाच्या घरची पोर. सासरा उपाशी असताना सुनेनं जेवायचं म्हणजे तिच्या लेखी पापच. आणि हे असे. दोघंही एकमेकांवर जीव टाकणारी, आणि दोघंही भुकेनं कळवळत तीन-तीन वाजेपर्यंत बसायची. शेवटी शेजारीण येऊन दोघांना एकदमच बसवायची. मला हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो. काय अक्कल होती माझी!

उन्हाळ्याच्या तोंडाला वडील मोरीत पडले. तपासणीत साखर निघाली, तीही भरपूर. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ''ही गोळी पोटात गेली की अर्ध्या तासात जेवण गेलं पाहिजे. नाही गेलं तर साखर एकदम उतरते, आणि माणूस बसल्या जागी जातो. समजलं?'' मी मान हलवली. समजलं तर होतंच. पण ते माझ्या बापाला कोण समजावणार?

बायकोनं आपला नियम मोडला. दहा वाजता ती त्यांच्यासमोर पान घेऊन बसली, डोळ्यांत पाणी आणि तोंडात घास. जेवून उठली. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, ''पोरी, तू पोटभर नाही खाल्लं. माह्यासाठी नाटक करून राहिली तू.'' ती रडतच स्वयंपाकघरात गेली. खरंच एकच पोळी खाल्ली होती तिनं. त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली नाही, दुसऱ्या दिवशी घेतली आणि बारापर्यंत जेवले नाहीत. हात थरथरायला लागले, घाम फुटला, तेव्हा तिनं कशीबशी साखर चारली. मी घरी आलो आणि ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडलो.

''मरून जाल ना अशानं! समजते का तुमाले?''

''मी का मुद्दाम करतो गा?'' ते म्हणाले. ''घास उतरतच नाही. लोकं उपाशी आहेत असंच वाटत राह्यते. काय करू, सांग ना तूच.''

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. हा माणूस भरल्या घरात उपाशी मरणार, आणि लोक म्हणणार, पोरानं खायला घातलं नाही.

मग एक दिवस चमत्कारच झाला. वस्तीतल्या मारुतीच्या देवळात महाप्रसाद होता. दहा वाजताच पंगत बसली. वडील सहज म्हणून गेले, कोणी तरी त्यांच्या हातात वरणाची बादली दिली, त्यांनी दोन ओळी वाढल्या. पंगत उठली, आणि साडेदहाला हे गृहस्थ स्वतः पान घेऊन बसले. दोनदा भात घेतला! मला पोरानं येऊन सांगितलं तेव्हा खोटंच वाटलं. मी जाऊन पाहिलं तर ते ताकाचा गिलास तोंडाला लावून बसलेले, तोंडावर कितीतरी महिन्यांनी रंग आलेला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. ह्यांना सून जेवलेली पुरत नाही. ह्यांना हॉल पाहिजे, लायन पाहिजे. रोज सकाळी ऑफिसला जाताना सायकलवर नेऊन एखाद्या खाणावळीत सोडावं. नऊ ते साडेदहा बाबू लोकांची गर्दी उरकते. ती जेवताना पाहिली की हे आपोआप जेवतील. गोळी तिथंच घेतील. एवढं सोपं!

कशाचं सोपं. शहर बदललं होतं, ते मला सायकल मारल्यावर कळलं. इतवारीतल्या एका खाणावळीत त्यांना घेऊन गेलो. तिथं वाट्या मोजून ठेवलेल्या. एक वाटी वरण, एक मूद भात, पुन्हा मिळणार नाही. वडिलांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, ''इथं मोजूनमापून चाललं आहे सारं. चल.'' सदरमध्ये गेलो तर चकचकीत टेबलं, टोपीवाला वेटर, भिंतीला लावलेल्या पेटीतून गाणी. ते मला हळूच म्हणाले, ''लायन कुठी लागते रे इथं?'' लायन नव्हतीच.

स्टेशनच्या बाजूला मात्र काउंटर होता. थाळ्यांचा ढीगही होता. माझा जीव सुपाएवढा झाला. आम्ही बाकावर बसलो. भात वाढणारा मान वर न करता थाळीत भात आपटत होता. एक म्हातारा, गावाकडचा, धोतरवाला, दुसऱ्यांदा लायनीत आला. वाढणारा खेकसला, ''किती खाते बे? घरी भेटत नाही काय?'' म्हातारा थाळी घेऊन तसाच परत फिरला. माझे वडील उठले. मी 'बाबा, बाबा' म्हणेपर्यंत काउंटरच्या मागं जाऊन त्यांनी त्या माणसाच्या हातातली भातवाढी घेतलीही होती. ''तोंडाकडे पाह्य ना त्याच्या,'' ते म्हणत होते, ''तोंडाकडे पाह्य!'' मग काय होणार? धक्के मारून बाहेर काढलं त्यांना. टोपी पडली. घरी येईपर्यंत ते कॅरियरवर माझा शर्ट घट्ट धरून बसले होते. त्या दिवसापासून म्हणाले, ''मी नाही येत आता. तू पाहून ये. बरी असली तर सांगजो.''

म्हणून मी एकटा हिंडू लागलो. कॉटन मार्केट, महाल, सक्करदरा. कोणी सांगेल तिथं जायचो, दारातून पाहायचो आणि परत यायचो. घरी तोच खेळ चालू होता. कधी बायको रडून त्यांना जेवू घालायची, कधी शेजारीण, कधी पोरं शाळेतून दुपारच्या सुटीत पळत येऊन त्यांच्यासमोर ढेकर द्यायची. एकेक दिवस ढकलत होतो आम्ही.

दिवाळीच्या सुटीत बायको पोरांना घेऊन कुहीला गेली. भावाची धानकापणी होती, आणि सहा महिन्यांत तिनं माहेर पाहिलं नव्हतं. मीच म्हटलं, जा. घरात आम्ही दोघंच उरलो, आणि गंमत म्हणजे सगळं सुरळीत झालं. वडील स्वतः वरण-भात करायचे. दहाला मला वाढायचे, मी पोट फुटेस्तोवर जेवायचो, ते माझ्या तोंडाकडे पाहायचे, अजून एक वाढायचे, आणि मग गोळी घेऊन स्वतः बसायचे. एकाच माणसाला तर जेवू घालायचं होतं! ऑफिसला उशीर व्हायचा, होऊ दे. मला वाटलं, सुटलो बाप्पा. पण बायको आल्यावर पुन्हा तेच होणार, हे दिसत होतं. म्हणून शनिवारी ऑफिसातल्या चपराशानं सांगितलं की गोळीबार चौकाच्या पुढं विणकरांच्या वस्तीत एक जुनी लायनीची खाणावळ अजून चालते, तेव्हा मी रविवारी सकाळी नऊलाच सायकल काढली.

वडील तांदूळ निवडत होते. मी म्हटलं, ''साडेदहापर्यंत येतो. गोळी घेऊन ठेवजा. मी आलो की लगेच पानं घेऊ.''

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कोणाला दोष द्यायला जागा नाही. रोज ते मी जेवल्यावर गोळी घ्यायचे. त्या दिवशी मला वाटलं, वेळ वाचेल.

खाणावळ सापडायला वेळ लागला. बोळातून बोळ, घराघरातून मागांचा खडखडाट. आणि मग ती दिसली. दारात थाळ्यांचा ढीग, निथळणारा. लाकडी काउंटर. सकाळी दहालाच लायन लागलेली, सगळे मागावर काम करणारे, कापसाचे तंतू केसांत अडकलेले. आणि वरण-भातावर एक म्हातारा उभा, प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत वाढणारा. मी दारात उभा राहून रडलो. खरंच रडलो, लाज काय त्यात? इतके महिने जी वस्तू शोधत होतो ती समोर होती.

मी थाळी उचलली. वडिलांना नीट सांगता यावं म्हणून, असं मी मनाशी म्हटलं. दोन घास खाऊन पाहू आणि निघू. त्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि न मागता दोनदा भात टाकला. रविवार होता, गोळाभात होता. वरून कडकडीत फोडणीचं तेल. मी खाल्लं. पुन्हा लायनीत गेलो, पुन्हा खाल्लं. घाई केली नाही. किती दिवसांनी घास घेताना कोणी माझ्या तोंडाकडे पाहत बसलं नव्हतं, माझं पोट भरलं की नाही म्हणून. भूक लागली होती आणि मी जेवलो, बस.

मग मालकाशी बोललो. वडिलांचं सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, मधेच गिऱ्हाइकाशी बोलत होता, पुन्हा माझ्याकडे वळत होता. ''हात चालते काय त्याइचा?'' त्यानं विचारलं.

''थोडा थरथरते. पण त्यांना नुसतं बसायचं आहे हो. लोकं जेवताना पाहायची आहेत.''

''नुसतं बसून कोण राह्यते गा? ठेच्यावर उभं करू त्याइले. उद्यापासून आणा.''

मी त्याचे हात धरले. चहा पाजल्याशिवाय तो सोडेना, आणि मलाही निघवेना. पंचवीस वर्षांपूर्वीचं बोलत बसलो, बर्डीवरचा हॉल त्याला माहीत होता. सायकलवर बसलो तेव्हा मी गुणगुणत होतो. गांधीबाग ओलांडून महालात शिरलो, आणि एका दुकानातल्या घड्याळात सव्वा वाजलेला दिसला. तिथून घरापर्यंत मी सायकल कशी मारली ते मला आठवत नाही.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात दोन पाट मांडलेले. माझी थाळी पुसून सरळ ठेवलेली, बाजूला पाण्याचा तांब्या. त्यांची थाळी पालथी, कारण त्यांची वेळ अजून व्हायची होती. भात झाकलेला, वरण झाकलेलं. ते भिंतीला टेकून बसले होते, मान एका बाजूला, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. श्वास चालू होता. साखरेचा डबा त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मी मूठभर साखर तोंडात कोंबली. दात घट्ट बसले होते. साखर हनुवटीवरून खाली सांडत राहिली.

शेजाऱ्यानं रिक्षा आणली. दवाखान्यात त्यांना सुई लावली, बाटली लावली, दोघं-तिघं धावले, जे करायचं ते सगळं केलं त्यांनी. तासाभरानं एक तरुण डॉक्टर बाहेर आला. मला त्याच्या चालण्यावरूनच समजलं. त्याच्या हातात कागद होता, तो भरायचा होता.

''शेवटचं कधी जेवले होते?''

''काल संध्याकाळी.''

''गोळी घेऊन जेवले नाहीत? घरात अन्न नव्हतं का?''

''होतं. त्यांनीच केलं होतं. माझी वाट पाहत होते. मी जेवल्याशिवाय ते जेवत नसत.''

''आणि तुम्ही कुठं होता?''

''जेवत होतो,'' मी म्हणालो.

त्याला वाटलं मी शुद्धीवर नाही. खांद्यावर हात ठेवून त्यानं पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.